तोळ्याची चकती

मेजर कळमकरांच्या फाटकातून गनीभाई खरादी सायकल हातात धरून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या तोंडात इतक्या शिव्या गोळा झाल्या होत्या की आधी कुठली सोडावी हेच त्याला कळेना. फाटकावरचं कुत्रं भुंकलं, तेव्हा पहिली त्याला मिळाली. बाकीच्या तो भिंगार ते सर्जेपुरा या रस्त्यावर एकेक करून सांडत निघाला. हँडलला अडकवलेल्या पिशवीत चकत्या खुळखुळत होत्या. मेजरसाहेबांनी त्या चौथ्यांदा परत केल्या होत्या.

आणि कारण काय, तर "हाताला बरं वाटत नाही." अरे, चकती काय लोण्याचा गोळा आहे, हाताला बरं वाटायला!

जानेवारीचा गारठा होता. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. हँडल सोडून त्याने हात झटकला, थंडीलाही एक शिवी दिली आणि टांग मारली.

तसं काम एवढंसंच होतं. निवृत्त मेजर कळमकर दर शनिवारी दुपारी आपल्या बंगल्यात चार मित्रांबरोबर पोकर नावाचा पत्त्यांचा डाव मांडत. डावात लावायला इतकी वर्षं चिंचोके चालत. पण चिंचोक्यांचं असं, की ज्याच्या दारात झाड तो सावकार. मित्रांतल्या दाताच्या डॉक्टरांच्या अंगणात मोठी चिंच होती, आणि डॉक्टर हरता हरता एकाएकी श्रीमंत होतात हे दोन-तीन शनिवारी सगळ्यांच्या ध्यानात आलं. पण मैत्रीत बोलायचं कुणी? शेवटी मेजरसाहेबांनी चिंचोकेच बंद केले. आता आपल्या स्वतःच्या चकत्या करून घ्यायच्या, दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत अशा, असं त्यांनी ठरवलं. त्यात बांगलादेशची लढाई नुकतीच संपलेली. बंगल्याच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच होते. त्यांच्या जुन्या पलटणीतले दोस्त फेब्रुवारीत सुट्टीवर येऊन त्यांच्याकडे उतरणार होते. मेजरसाहेबांना लढाईला कुणी बोलावलं नव्हतं. निदान लढून आलेल्यांपुढे डाव तरी ऐटीत मांडावा, एवढी एक हौस त्यांना राहिली होती. तीनशे चकत्या हव्या होत्या.

काम गनीभाईकडे आलं ते त्याच्या कॅरमच्या सोंगट्यांमुळे. गनीभाईची सोंगटी बोर्डावर पाण्यासारखी जाते, असं नगरातली पोरं शपथेवर सांगत. पेटीतल्या एकोणीसच्या एकोणीस सारख्या वजनाच्या. आणि दुकानात औषधालासुद्धा तराजू नाही! ही गनीभाईची घमेंड होती. त्याच्या बापाची होती, आज्याचीही होती. "तराजू वान्याला, हात खराद्याला," असं बाप म्हणायचा. लाकूड कातून झालं की वस्तू तळहातावर घ्यायची, जराशी झेलायची आणि वजन सांगायचं. ज्याला काटा लागतो त्याने भुसार दुकान घालावं.

पण बाजारात प्लॅस्टिकच्या सोंगट्या आल्या आणि गनीभाईची गिऱ्हाइकं रोडावली. त्याचा मुलगा चांद एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होता. वरच्या अधिकाऱ्यांशी नमून आणि बापाशी ताठ असा त्याचा स्वभाव. त्याने एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "अब्बा, आता बास झालं. लेथ इकून टाकू. तुमी घरी बसा, नमाज पढा, नातवंडं सांभाळा."

गनीभाईने हातातला घास ताटात परत ठेवला. घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला त्रेसष्ट वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी बापलेकात ठरलं, की मेजरसाहेबांचं काम पसंत पडलं तर लेथ राहील. नाही पडलं तर मोहरमच्या आत गिऱ्हाईक बघून तो विकायचा. म्हणून तर गनीभाई चार खेपा दम धरून होता. नाहीतर पहिल्याच खेपेला त्याने चकत्या टेबलावर ठेवून सलाम ठोकला असता.

पहिल्या खेपेला त्याने सागवानी नेल्या. रंग झकास, कडा गोल. मेजरसाहेबांनी एक उचलली न उचलली आणि खाली ठेवली. "हलकी आहे हो. पंखा लावला तर उडेल."

दुसऱ्या खेपेला पितळी नेली. मेजरसाहेबांनी ती टेबलावर टाकली, तसा खण्णकन आवाज झाला आणि आतून त्यांचा नोकर धावत आला. "गनीभाई, हा आवाज पैशाचा झाला. मला पैशाचा आवाज नको, पैशाचं वजन पाहिजे."

तिसऱ्या खेपेला म्हशीच्या शिंगाच्या. शिंग उकळायचं, चिरायचं, दगडाखाली दाबून सपाट करायचं, मग कातायचं. वासाने गल्लीतल्या बायकांनी नाकाला पदर लावले, एकीने तर घरापुढे येऊन जाब विचारला. इतकं करून चकत्या झाल्या देखण्या, काळ्याभोर. मेजरसाहेब खूष झाले आणि त्यांनी त्या व्हरांड्यातल्या उन्हात ठेवल्या. दोन दिवसांत सगळ्या पापडासारख्या वाकल्या.

आणि आज बेकेलाइटच्या. विजेच्या बटणांच्या बोर्डाला वापरतात तो पत्रा रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून मिनतवारीने आणून, धूळ खाऊन, खोकून खोकून त्याने त्या कातल्या. त्यातली एक मेजरसाहेबांच्या हातून फरशीवर पडली आणि तिचा टवका उडाला. उरलेल्या त्यांनी थोडा वेळ बोटांत फिरवल्या आणि म्हणाले, "हाताला बरं वाटत नाही."

"मंग तुमाला पायजे तरी कसलं, सायेब?" गनीभाईचा आवाज चढला होता.

मेजरसाहेब रागावले नाहीत. खुर्चीत मागे रेलून त्यांनी डोळे मिटले. "बेचाळीस साली आमची पलटण कैरोला होती. तिथं मी खेळलो होतो त्या चकत्यांशी. हातात घेतली ना, की टाकण्याआधी माणूस दोनदा विचार करायचा. तेवढं वजन."

"कशाच्या हुत्या?"

"ते ठाऊक असतं तर तुम्हाला इतका त्रास दिला असता का? कुणी म्हणायचं, मातीच्या असतात."

"मातीच्या? मंग कुंभाराकडं जायाचं की सायेब, माझ्याकडं कशाला आलात?" असं बोलून गनीभाई पिशवी उचलून निघाला होता. तीस वर्षांपूर्वी कैरोत कुणाच्या तरी हाताला काय वाटलं होतं, ते सर्जेपुऱ्यात बसून त्याने कसं ओळखायचं?

घरी आल्यावर त्याने पिशवी भिरकावली आणि सगळा राग सुनेपुढे ओतला. बानू पुणतांब्याची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली. सासऱ्याने दुकानात कातलेला माल घरी यायचा. ती तो घासायची, पॉलिश मारायची आणि पुड्या बांधायची. कामाला वाघ होती, पण तिच्यावर गनीभाईचा एक कायमचा राग होता. तिच्याकडे पंचवीस सोंगट्या दिल्या तर परत वीसच यायच्या. विचारलं तर म्हणायची, "तडकल्या, अब्बा." कधी म्हणायची, "पॉलिश बिघडलं, चुलीत घातल्या." दोन वर्षं हे चाललं होतं. "हात हाय का विळा?" असं गनीभाई तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा. ती ऐकून घ्यायची.

आजही तिने ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "दोनदा इचार करायला लावनारं वजन म्हंजे अम्मींचा रुपया, अब्बा."

"कसला रुपया?"

तिने हात धुतले आणि ट्रंकेतून एक फडकं आणलं. आत राणीच्या तोंडाचा चांदीचा रुपया होता. गनीभाईची बायको जहिरा सहा वर्षांपूर्वी वारली. तिने नव्या सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हा रुपया तिच्या हातात ठेवला होता. "लई डाव वाटलं मोडावा," बानू म्हणाली. "हातात घेतला की न्हाई मोडवत. परत ठेवून देते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" गनीभाई म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी रुपया खिशात घालून तो भिंगारला गेला. मेजरसाहेबांना डोळे मिटायला लावून त्याने तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

मेजरसाहेबांची बोटं मिटली. "हेच!" ते ओरडलेच. "गनीभाई, हेच वजन! काय आहे हे?"

"एक तोळा," गनीभाई म्हणाला. सुनेचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

वजन सापडलं, आता जिन्नस ठरवायचा होता. नुसतं लाकूड तोळाभर करायचं तर चकती भाकरीएवढी होणार. नुसतं पितळ म्हणजे पुन्हा खणखणाट. दोन दिवस डोकं खाजवून गनीभाईने तोड काढली. बाहेरून शिसवी लाकूड, मधे खळगी, खळगीत पितळेचा गोल तुकडा आणि वरून शिसवीचंच पातळ झाकण. वजन पितळेचं, आवाज लाकडाचा. पितळ कानशीने घासून त्याने आठ नमुने केले आणि पॉलिशला घरी दिले. परत आले पाच.

"तीन कुठं गेले?" गनीभाई कडाडला.

"झाकन उकललं, अब्बा."

"झाकन उकललं! इथं एकेका चकतीला घामाचा लोटा भरतोय न् तू तीन-तीन उकलतीस?"

पाचही नमुने मेजरसाहेबांना पसंत पडले. एकेक उचलून ते म्हणाले, "वा! सगळ्या सारख्या. आता तीनशे करा. पाहुणे वीस तारखेला येतायत."

गनीभाई हवेत तरंगत दुकानात आला आणि त्याने त्या क्षणी एक गोष्ट ठरवून टाकली. हे साहेबाचं काम घरी जाणार नाही. सुनेच्या विळ्यासारख्या हाताला एकसुद्धा चकती लागू द्यायची नाही. कातायचं आपण, पॉलिश आपण मारायचं आणि दुकानातल्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचं. बानूने एकदा विचारलं, "चकत्या कवा येनार पॉलिशला?" त्यावर तो म्हणाला, "तू तुजी भांडी घास."

बारा दिवस त्याने मान वर केली नाही. मधे वीज जायची, मोटर थांबायची आणि गनीभाई वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत कानस चालवायचा. पितळ घासायचं, तळहातावर झेलायचं, डाव्या हातात रुपया, उजव्यात चकती. झाली बरोबर, टाक पेटीत. जाडी कॅलिपरने मोजायची, ते मोजमाप बापालाही मान्य होतं. वजन मात्र हातानेच. तीनशे पुऱ्या झाल्या तेव्हा त्याची बोटं सुन्न पडली होती. एवढं काम केल्यावर कुणाचीही पडतील, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मेजरसाहेबांनी वीस-वीसच्या थप्प्या टेबलावर लावल्या. सगळ्या उंचीला सारख्या. शिसवीवर ऊन पडून लालसर झळाळी आली होती. गनीभाईची छाती फुगली. मग मेजरसाहेबांनी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक अशा दोन चकत्या घेतल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या ठेवून दुसऱ्या दोन घेतल्या. मग ते उठले आणि कपाटातून टपालाची पाकिटं तोलायचा छोटा काटा घेऊन आले.

काटा बघून गनीभाईला संताप आला. "सायेब, माझा माल आजवर कुनी काट्याला लावला न्हाई."

"मीही लावला नसता, गनीभाई. पण बघा तर."

तासभर मेजरसाहेब एकेक चकती काट्यावर ठेवत होते. जी हलकी किंवा जड भरे तिच्या पाठीवर पेन्सिलीने फुली मारत होते. गनीभाई उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नाही. तीनशेपैकी एकशेअठरा चकत्यांवर फुली पडली.

"काटा खोटा हाय," गनीभाई म्हणाला.

मेजरसाहेबांनी काट्यावर रुपया ठेवायला लावला, काढायला लावला, पुन्हा ठेवायला लावला. काटा दोन्ही वेळेला तेच बोलला. मग त्यांनी गनीभाईच्या दोन तळहातांवर दोन चकत्या ठेवल्या. "सांगा, जड कुठली?"

गनीभाईने दोन्ही हात झेलले. पुन्हा झेलले. "सारक्याच हायेत."

मेजरसाहेबांनी दोन्ही काट्यावर ठेवल्या. फरक बघून त्यांनी मान खाली घातली. त्यांनी मोठ्याने काही म्हटलं असतं तर गनीभाईला भांडता आलं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "पाहुण्यांना अजून नऊ दिवस आहेत. चांगल्या इथे राहू द्या. फुलीच्या तेवढ्या बदलून आणा. नसेल जमत तर तसं सांगा, राग नाही."

"नसेल जमत" हे शब्द गनीभाईला मुस्काटात मारल्यासारखे लागले. सगळ्याच चकत्या पिशवीत कोंबून तो निघाला. "मी तुमचा काटा मानत न्हाई," असं फाटकातून ओरडून त्याने सायकल हाणली.

दुकानात येईपर्यंत त्याने गुन्हेगार शोधून काढला होता. पितळ! छगन मोडवाल्याने भेसळीचं पितळ दिलं होतं, दुसरं काय! तो तडक छगनकडे गेला आणि भर बाजारात त्याला वाटेल ते बोलला. छगन सगळं ऐकून म्हणाला, "एकाच कांबीतनं कापून दिलंय, गनीभाई. एका कांबीत दोन वजनं कशी असत्याल?" गनीभाईने त्याला आणखी शिव्या दिल्या. मग शिसवीचा संशय घेतला. लाकूड ओलं असणार. मग थंडी, मग मोटरीची थरथर. शेवटी पिशवीतल्या चकत्या फुल्या दिसू नयेत अशा फळीवर पसरून, शेजारी रुपया ठेवून, तो दुकानाच्या दारात फतकल मारून बसला. मोहरम आठ दिवसांवर आला होता. गल्लीच्या टोकाला ताबुताच्या कामट्या सोलायला सुरुवात झाली होती, आणि लेथसाठी गिऱ्हाईक सापडल्याचं चांद सकाळीच सांगून गेला होता.

दुपारी बानू भाकरीचा डबा घेऊन आली. डबा ठेवायला जागा करावी म्हणून तिने फळीवर पसरलेल्या चकत्या गोळा करायला घेतल्या. एक उचलली, डावीकडे ठेवली. दुसरी उचलली, उजवीकडे ठेवली. तिची नजर सासऱ्याकडे होती, हात आपले आपण चालले होते. "दोन घास खाऊन घ्या, अब्बा," ती म्हणत होती, आणि चकत्या इकडे, तिकडे, इकडे जात होत्या.

"दोन ढिगारे कशाला घालतीस?" गनीभाई खेकसला.

बानूचा हात थांबला. चोरी पकडल्यासारखा तिने तो पदराखाली घेतला. "उगाच. सवय हाय."

"कसली सवय?"

तिने डबा पुढे सरकवला. गनीभाई उठला. सगळ्या चकत्या पाठ खाली करून पडल्या होत्या, फुल्या दिसत नव्हत्या. त्याने उजव्या ढिगातली एक उलटी केली. फुली होती. दुसरी उलटी केली, फुली. तिसरी, चौथी, दहावी. मग डावा ढीग. तिथे एकीवरही फुली नव्हती. मेजरसाहेबांना काटा घेऊन तासभर लागला, ते हिने डबा ठेवता ठेवता केलं होतं.

गनीभाईने हातातली चकती फळीवर ठेवली. त्या क्षणी त्याला सगळं कळलं आणि कळू नये असंही वाटलं. तडकलेल्या सोंगट्या, उकललेली झाकणं, चुलीत गेलेला माल. पंचवीसातल्या पाच.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"दोन वर्सं झाली," बानू म्हणाली. "आदी एखादी निघायची. मंग वाढत गेल्या."

"न् मला सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू, अब्बा? तुमी म्हनता, हात खराद्याला."

गनीभाईला तिचा असा राग आला की पुढ्यातली पटाशी फेकून मारावी. दोन वर्षं! दोन वर्षं गावातली पोरं त्याच्या हाताची शपथ घेत होती, आणि हात होता हिचा. तो मिशीला पीळ देत होता, आणि ही चुलीत खोट्या सोंगट्या घालून त्याच्या शिव्या खात होती. "मला येडा बनवलंस तू!" तो ओरडला. बानूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. मग तिने फळीवरचा रुपया उचलला. सासऱ्याचा उजवा हात धरून त्यात एक फुलीची चकती ठेवली, डाव्यात रुपया ठेवला.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

गनीभाईने मिटले. रुपया कळत होता. चकतीही हातात आहे एवढं कळत होतं. बाकी उजव्या बोटांत नुसत्या मुंग्या होत्या. त्याने बराच वेळ वाट पाहिली. चाळीस वर्षं तो हात आपणहून बोलत आला होता, आज एक शब्द बोलेना. गनीभाईने डोळे उघडले नाहीत, पण ते पाझरायला लागले.

"थंडी न्हाई ही," तो म्हणाला. "व्हय ना?"

"न्हाई, अब्बा."

जेवण तसंच राहिलं. दुपार टळल्यावर त्याने डोळे पुसले आणि मोटर चालू केली. एकशेअठरा झाकणं काढायची, पितळ बाहेर घ्यायचं, घासायचं किंवा बदलायचं, पुन्हा बसवायचं. तो पितळाचा तुकडा घासून बानूकडे द्यायचा. ती तळहातावर झेलायची आणि म्हणायची, "जड." तो पुन्हा घासायचा. "अजून जड." पुन्हा कानस. "आता झालं." कधी म्हणायची, "फेका, लई हलकं झालं," आणि गनीभाईच्या ओठांवर शिवी यायची, तो ती गिळायचा. त्या सात दिवसांत त्याने जन्मात गिळल्या नसतील इतक्या शिव्या गिळल्या.

आठव्या दिवशी मेजरसाहेबांनी तीनशे चकत्या पुन्हा मांडल्या. मधूनमधून बारा-पंधरा काट्यावर ठेवल्या. मग काटा बाजूला सारून ते उरलेल्या नुसत्या हातांनी खेळवत बसले. एक चकती त्यांनी टेबलाच्या मध्यापर्यंत नेली, थांबले आणि हसत परत घेतली. "बघा, टाकवत नाही! गनीभाई, मानलं तुमच्या हाताला. जिमखान्याच्या सेक्रेटरींना तुमचं नाव कळवतो. त्यांना कॅरमच्या वीस पेट्या हव्यात."

"मेहेरबानी, सायेब," म्हणून गनीभाई निघाला. लेथ वाचला होता. फाटकापर्यंत आला. कुत्रं भुंकलं. तो थोडा वेळ कुत्र्याकडे बघत उभा राहिला, मग सायकल भिंतीला टेकवून परत आत गेला.

"सायेब, हात माझा न्हाई. सुनेचा हाय. माझा हात गेला."

मेजरसाहेब उठून उभे राहिले. त्यांनी बाजूला सारलेला काटा उचलला. "दुकानात एखादा काटा घ्या ना मग," ते म्हणाले. "मीच देतो हा."

"न्हाई सायेब. तराजू आमच्या दुकानात येनार न्हाई." जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते! सलाम करून तो बाहेर पडला.

संध्याकाळी चांद दुकानात आला तेव्हा बाप बाभळीचे तीन बुटके पाय कातत बसला होता. काम पसंत पडल्याचं ऐकून चांदने लेथच्या गिऱ्हाइकाचं नाव काढलं नाही. दिलेला शब्द होता. "हे पाय कशाचे?" त्याने विचारलं.

"तिवईचे."

"कोनी सांगितलीय?"

गनीभाई पाय ठोकत राहिला. पाय ठोकून झाल्यावर त्याने ती तिवई लेथच्या डाव्या बाजूला ठेवली, हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर. मग लेकाला म्हणाला, "बानूला म्हनावं, उद्यापास्नं पॉलिश घरी न्हाई. दुकानात येऊन बस."

दुसऱ्या दिवशी बानू आली ती उंबऱ्याच्या आत पाय टाकेना. या दुकानात आजवर बाई बसली नव्हती. समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत होता. "अब्बा, लोक काय म्हनतील?" ती हळूच म्हणाली.

"म्हनतील ते म्हनतील. मंग सोंगटी उचलून बघतील न् गप बसतील."

ती आत आली आणि तिवईच्या कडेवर टेकली. गनीभाईने जिमखान्याच्या पेटीतली पहिली सोंगटी कातून काढली, गुळगुळीत, गोल, कडा कशा अगदी बापाच्या वेळेसारख्या. ती तळहातावर झेलायला त्याचा उजवा हात सवयीने वर गेला. तो तसाच पुढे करून त्याने सोंगटी बानूच्या हातात दिली.

बानूने ती झेलली, सासऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकली.

"ही न्हाई," ती म्हणाली.

गनीभाईने लाकडाचा दुसरा तुकडा लेथवर चढवला.